घर विकायच्या आधी सोलर बसवू का? आधी गच्चीवर चढून बघा अक्का

बेळगावातल्या वडगावच्या एका अक्कांचं पत्र आलंय. थोडक्यात त्यांच्याच शब्दात देतो.

"आमचं घर वडिलांनी बांधलेलं. पुढचा भाग कौलारू, तिथं पूर्वी चार पॉवरलूम होते, ते विकून बारा वर्षं झाली. मागचा भाग स्लॅबचा, वर दोन खोल्या. वडील गेले, आई आता माझ्याकडं टिळकवाडीत असते. भाऊ आणि मी मिळून घर विकायचं ठरवलंय, अक्षय तृतीयेच्या सुमारास व्यवहार झाला तर बरं. पुण्याचा भाचा म्हणतो की हल्ली लोक एनर्जी एफिशियंट घर बघतात, तीन किलोवॅटचं सोलर बसव, वरच्या खोलीत एसी लाव, जुन्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग घाल, कौलाखाली पीव्हीसीचं सीलिंग कर. आमच्याकडं या सगळ्यासाठी दीड लाख आहेत. गच्चीवर जुना सोलर वॉटर हीटर बंद पडून आहे. पैसे कशात घालू आणि कशात घालू नको?"

अक्का, तुमचा भाचा मनापासून सांगतोय, पण पुण्यातल्या फ्लॅटचा हिशोब तो वडगावच्या घराला लावतोय. तिकडं महिन्याला तीन-चार हजार बिल भरणारा माणूस छतावर सोलर बघून खूश होतो. आपल्याकडं ऑगस्ट 2023 पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आहे, त्या मीटरचा 2022-23 सालचा सरासरी वापर धरून त्यावर साधारण 10 टक्के वाढवून तेवढे युनिट फुकट, वर जास्त लागले तर फक्त जादा युनिटचे पैसे, आणि महिन्याला 200 च्या वर गेलं की मात्र पूर्ण बिल. म्हणजे तुमचं घर बघायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं आजचं बिल शून्य किंवा अगदी किरकोळ असणार. त्यांना तुम्ही सांगितलं की बघा सोलरमुळं बिल वाचेल, तर ते त्यासाठी वरचे लाख-दोन लाख कशाला देतील?

मग आपल्याकडं माणूस पैसे कशाला देतो? तो दुपारी घर बघायला येतो, वरच्या खोलीत दोन मिनिटं उभा राहतो, त्याची आई भिंतीवरनं हात फिरवते, बायको बाथरूमचा नळ सोडून बघते, आणि कुणीतरी मीटरबोर्ड उघडून बघतं. तेवढ्या पाच-दहा मिनिटात त्यांना जे कळतं त्यालाच भाव मिळतो. म्हणून माझं म्हणणं असं, दीड लाखातला निम्म्याहून जास्त पैसा गच्ची आणि ओल यात घाला, बाकीचा किरकोळ दुरुस्त्यांना आणि कागदांना, आणि सोलर, एसी, सीलिंग यातलं काहीही करू नका. प्रत्येकाचं कारण सांगतो.

सोलर पॅनेलला माझा विरोध अजिबात नाही. राहायचं घर असतं तर मीच म्हटलं असतं घाला म्हणून. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, तीन किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, आणि एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं म्हणजे तिनाचे बारा, आपल्या पावसाळ्यात अर्थात बरेच कमी. पण सबसिडी नंतर खात्यावर येते, आधी सगळी रक्कम तुम्हीच घालायची, आणि कनेक्शन ज्याच्या नावावर त्यानंच अर्ज करायचा. तुमचं मीटर अजून वडिलांच्याच नावावर असणार, बरोबर ना? म्हणजे आधी नाव बदला, मग अर्ज, मग तपासणी, मग नेट मीटर म्हणजे आलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, आणि अक्षय तृतीया तोवर निघून गेली. शिवाय जुनं घर घेणारा बरेचदा वर अजून एक मजला चढवायचा हिशोब करूनच येतो, त्याला तुमची पॅनेलं अडचणच वाटतील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पॅनेलच्या स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडणार, त्या स्लॅबला जो आधीच गळत असेल.

गळतो ना? पत्रात लिहिलं नाहीत पण विचारतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, बारीक बारीक दिवसचे दिवस, त्यात जुना स्लॅब कोरडा राहिला तर नशीबच म्हणायचं.

तर पहिलं काम गच्चीचं. हे मार्च-एप्रिलमध्येच करायला लागतं कारण स्लॅब पूर्ण वाळलेला पाहिजे, वळवाचा पाऊस सुरू झाला की ओल्यावर लावलेलं काहीही वर्षभरात पापुद्रे होऊन निघतं. गवंडी बोलावून आधी पाणी कुठं साठतं ते बघा, दोन बादल्या पाणी ओतलं की लगेच कळतं. पाइपाकडं उतार नसेल तर तो काढून घ्यायचा. पॅरापेटची भिंत आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं सिमेंटचा गोलवा असतो, गवंडी त्याला वाटा म्हणतात, निम्मी गळती तिथनंच सुरू होते कारण भिंत एकीकडं आणि स्लॅब दुसरीकडं प्रसरण पावतो आणि मधे केसासारखी भेग पडते. ती भेग खोदून भरायची, नुसती वरनं पुसायची नाही. मग वॉटरप्रूफिंगचे हात, आणि शेवटचे दोन हात ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे. हा पांढरा रंगच तुमचा एसी आहे असं समजा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ-नऊपासनं ती उष्णता खाली खोलीत सोडत बसतो, म्हणून बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि वरच्या खोलीत मात्र घामाघूम. पांढऱ्या गच्चीवरनं बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं. खोलीत दोन-तीन अंशांचा तरी फरक पडतो, आणि बेळगावात तेवढा पुरतो, कारण आपल्याकडं भर उन्हाळ्यातसुद्धा रात्री पारा विशी-एकविशीपर्यंत उतरतो.

विश्वास बसत नसेल तर सगळी गच्ची रंगवायच्या आधी एक करून बघा. चादरीएवढा तुकडा रंगवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला चप्पल काढून वर जा. साध्या स्लॅबवर पाय टेकवत नाही, उड्या मारतच पुढं जावं लागतं, आणि त्या पांढऱ्या तुकड्यावर आलं की माणूस सरळ उभा राहतो. मी हे माझ्या मेव्हण्याच्या गच्चीवर केलंय, तो पाच मिनिटं त्या तुकड्यावरच उभा होता, उतरायलाच तयार नव्हता. तुम्ही पण खरेदीदाराला दुपारीच बोलवा. संध्याकाळी बोलवून गार वाऱ्यात घर दाखवायचा मोह होतो, पण वरची खोली दुपारी तीनला दाखवता आली तर वेगळं काही बोलायलाच लागत नाही.

आता ओल. हे जरा मोकळेपणानं लिहितो कारण यात माझ्या हातनं चूक झालीय. आमचं खानापूर रोडचं जुनं घर विकलं तेव्हा एप्रिल होता, भिंतीच्या खालच्या दोन फुटात लोणा लागलेला, पांढरी पावडर झडायची. रंगारी म्हणाला पुट्टी मारून वर डिस्टेंपर देतो, दिसणार नाही. आणि खरंच दिसलं नाही. व्यवहार झाला. ऑगस्टमध्ये घेणाऱ्याचा फोन आला, आवाज चढलेला नव्हता, नुसतं म्हणाले की कपाट भिंतीपासून सरकवलंय, मागं बुरशी आलीय, लहान पोराला खोकला आहे, तुम्हाला माहीत होतं का. मला माहीत होतं. नंतर त्या दुरुस्तीचे पैसे मी दिले, पण त्या माणसाला बाजारात बघितलं की अजून मान खाली जाते. वडगाव-शहापुरात तर सगळे सगळ्यांना ओळखतात अक्का, घर विकून संबंध काही संपत नाहीत.

म्हणून लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी नको. आधी पाणी येतं कुठनं ते शोधा. एक सोपी पद्धत आहे, हातभर जाड प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साठलं असेल तर ते भिंतीतनंच येतंय, खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतली दमट हवा कारण आहे आणि नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून बरंच काम होतं. भिंतीतनं येत असेल तर बाहेर अंगणाची पातळी वाढलीय का, गटार तुंबलंय का, बाथरूमची पाइप पाझरतेय का, हे बघा. वडिलांनी बांधलेल्या भिंती दगड-मातीच्या आणि चुन्याच्या असतील तर तिथं सिमेंटचा गिलावा करून ओल आत कोंडू नका, चुन्याचाच गिलावा करा, भिंतीला श्वास घ्यायला मिळतो. ओल गेली की पावसाळ्यात घर गारठत नाही, ओली भिंत खोलीची ऊब ओढून घेते, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याला ते चांगलंच कळतं. आणि ओल पूर्ण गेली नसेल तर घेणाऱ्याला तसं सांगा, कुठं होती, काय केलं, किती खर्च आला, बिलं दाखवा. भाव थोडा कमी होईल पण झोप लागेल.

पुढच्या कौलारू भागाला पीव्हीसी सीलिंग का नको? एक तर कौलाखालची गरम हवा वरच्या फटीतनं निघून जाते, ती वाट बंद होते. दुसरं, एखादं कौल फुटलं तर पाणी सीलिंगवर साठत राहतं आणि वासे कुजेपर्यंत कळत नाही. तिसरं, घर घेणारा हुशार असेल तर नवीन सीलिंग बघितल्याबरोबर त्याच्या मनात येतं की वर काय लपवलंय. त्यापेक्षा कौलं उतरवून फुटकी बदलून घ्या, खानापूरकडची जुनी कौलं मिळाली तर माप जुळतं, आणि वाळवीसाठी वासे बघून घ्या. एवढंच. पूर्वी माग होते त्या खोलीत उजेडासाठी काचेची कौलं असतीलच. त्यांच्यावर आतनं सुताची बारीक तूस आणि बाहेरनं शेवाळ असा थर बसलेला असतो, दिवसा ट्यूब लावायला लागते ती त्यामुळंच. ती पुसली की खोली भर दुपारी बिनलाइटची लख्ख होते. यापेक्षा स्वस्त वीजबचत मला तरी माहीत नाही.

खिडक्यांचं पण तसंच. जुनी सागवानी खिडकी दोन्ही झडपा उघडल्या की पूर्ण उघडते, स्लायडिंग बहुधा निम्मीच उघडते, म्हणजे पैसे घालून तुम्ही निम्मा वारा बंद करणार. सुताराकडनं झडपा घासून घ्या, जिथनं पाऊस आत मारतो तिथं फटीला पट्टी, तेलाचा हात, आणि सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी. ही जाळी महत्त्वाची, कारण डासांच्या भीतीनं लोक रात्री खिडक्या बंद करतात आणि मग गार हवा बाहेरच राहते. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नसेल तर छोटा पत्र्याचा का होईना करून घ्या.

गच्चीवरच्या त्या बंद सोलर वॉटर हीटरबद्दल. एक तर तो चालू करा नाहीतर काढून टाका, आहे तसा अजिबात ठेवू नका. गच्चीवर मेलेली वस्तू दिसली की बघणाऱ्याला वाटतं या घराकडं कुणी बघितलेलंच नाही. काचेच्या नळ्यांचा असेल तर बरेचदा एखादी नळी फुटल्यामुळं पाणी थांबत नाही म्हणून तो बंद केलेला असतो, आणि नळी सुटी मिळते, बदलता येते. टाकी आतनं गंजली नसेल, नळ्यांमध्ये क्षार साठले असतील तर साफ करून घ्या. आपल्याकडं सकाळी गरम पाणी वर्षातले बहुतेक दिवस लागतं, आमच्या लहानपणी बंब पेटायचा तो काही हौसेनं नव्हे, त्यामुळं चालू सोलर हीटर ही इथं खरी विकाऊ गोष्ट आहे. हिशोब बघा, पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला गीझरला साधारण अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या घरात रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. आणि इथं गृहज्योतीचा संबंध येतो, ज्या घराचा वापर 190-210 च्या आसपास घुटमळतो त्यांना हे साठ युनिट म्हणजे फुकट वीज आणि पूर्ण बिल यातला फरक. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला ही गोष्ट लगेच पटते, त्यांना हे आवर्जून सांगा.

टाकी गंजली असेल तर काढून भंगारात द्या आणि खालचा गीझर दुरुस्त करून घ्या. विहिरीच्या पाण्यानं कॉइलवर पांढरा थर बसतो, तो काढला की पाणी लवकर तापतं, आणि थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर आणून ठेवा.

वायरिंग. पॉवरलूमच्या काळातलं घर म्हणजे लाकडी पट्टीवरची वायर आणि चिनीमातीचे फ्यूज असतील. सगळं घर नव्यानं वायरिंग करायला पैसे पुरणार नाहीत आणि गरजही नाही, पण मेन बोर्ड बदला, एमसीबी घाला, शॉक बसला की वीज तोडणारा तीस मिलिअँपचा आरसीसीबी घाला आणि अर्थिंग तपासून घ्या. ही बचतीची गोष्ट वाटणार नाही तुम्हाला, पण पुढचा माणूस गीझर, मिक्सर, उद्या सोलर, जे काही लावणार ते या बोर्डावरच. बल्ब सगळे एलईडी करा, साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, खर्च किरकोळ आणि घर दाखवताना उजेड चांगला पडतो. पंखे बदलू नका. नवीन कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास आणि जुना पंचाहत्तरचा, रोज दहा तास धरले तर महिन्याला तेरा-चौदा युनिटचा फरक, युनिटला सहा रुपयांच्या आसपास धरलं तर पंख्यामागं ऐंशी रुपये. राहणाऱ्याला परवडतं, विकणाऱ्याला ते पैसे परत मिळत नाहीत. एसी तर नकोच, पांढरी गच्ची झाल्यावर वरच्या खोलीत एसी लावला की उलट प्रश्न येतो, इतकं तापतं का इथं म्हणून. पाण्याच्या मोटरला फ्लोट स्विच बसवा म्हणजे टाकी भरली की ती आपोआप बंद होते, नाहीतर टाकी भरून वाहत राहते त्यात वीजही जाते आणि गच्चीही भिजते.

आता जी गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढं गेलात ती मला सगळ्यात जास्त खटकली. चार पॉवरलूम होते म्हणजे घरात दोन मीटर असणार, एक घरचं आणि एक पॉवरचं, दोघांचे आरआर नंबर म्हणजे बिलावरचे कनेक्शन नंबर वेगळे. माग विकले तेव्हा ते पॉवरचं कनेक्शन रीतसर बंद केलं होतं का? का नुसता मेन स्विच खाली पाडून ठेवला? तसं असेल तर वापर शून्य असला तरी मंजूर लोडवर फिक्स चार्ज पडत राहतो, वर व्याज. या आठवड्यातच हेस्कॉमच्या म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन दोन्ही नंबरांची थकबाकी लेखी घ्या. हे टाळता येणारं नाही, कारण मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की नियमात तशी तरतूद असेल तर जागेवरची जुनी थकबाकी वीज कंपनी नव्या मालकाकडनंही मागू शकते. घेणाऱ्याच्या वकिलाला हे माहीत असतं. व्यवहाराच्या आदल्या दिवशी बारा वर्षांचा आकडा समोर आला तर सगळंच फिसकटतं.

पॉवरचं मीटर सरेंडर करा, घरचं मीटर वारसाहक्कानं तुमच्या किंवा भावाच्या नावावर करून घ्या म्हणजे पुढं घेणाऱ्याच्या नावावर जाणं सोपं होतं, आणि गृहज्योतीला ज्याचं आधार जोडलंय ते विक्रीनंतर काढायला विसरू नका, नाहीतर टिळकवाडीच्या घराला अडचण येईल. मागच्या बारा महिन्यांची बिलं एका फाइलीत लावा. बिल कन्नडमध्ये येतं, कोल्हापूर-गडहिंग्लजकडनं कुणी बघायला आलं तर त्याला काही उमगत नाही, म्हणून एका बिलाची झेरॉक्स काढून प्रत्येक ओळीशेजारी मराठीत लिहून ठेवा, हे युनिट, हा फिक्स चार्ज, ही गृहज्योतीची वजावट. दहा मिनिटांचं काम आहे. एक मात्र सांगायचं, घर बंद असतानाच्या महिन्यांचं बिल दाखवून घराला वीज कमी लागते असं म्हणू नका, कुठले महिने माणसं राहत होती ते सांगा.

क्रम असा ठेवा, या आठवड्यात हेस्कॉम, मग ओलीची प्लास्टिकची परीक्षा, मार्च उजाडला की गवंडी, त्याच्या पाठोपाठ वायरमन आणि सुतार. कौलांवर माणूस चढेल त्याच दिवशी त्याच्याकडनं काचेची कौलं दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. मागाची खोली रिकामी करून, पडदे काढून, सकाळी दहाला दार उघडा आणि आईंना एकदा आणून दाखवा, त्यांनी ती खोली तशा उजेडात बघून बरीच वर्षं झाली असतील.